ताईसाठी घेतलेली गाडी

शोरूममध्ये त्याला सगळे 'ऐसपैस' म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की ऐसपैस. सात माणसांची मोठी गाडी दाखवताना हा शब्द त्याच्या तोंडून इतक्यांदा बाहेर पडायचा, की चहा देणाऱ्या बाईनेही एकदा कप पुढे करत विचारलं होतं, "साहेब, ऐसपैस देऊ की अर्धा?" त्याला त्याचं काही वाटत नसे. ज्या शब्दावर आपलं घर चालतं, त्याची थट्टा झाली तर झाली.

गाडी विकण्याची त्याची तऱ्हाच न्यारी. बाकीचे विक्रेते इंजिनाबद्दल बोलत, रंगांची पानं उलगडून दाखवत. हा तसलं काही करत नसे. हा माणसं मोजायचा. नवरा, बायको, दोन मुलं असं कुटुंब काचेच्या दारातून आत आलं, की पाणी विचारायचा, मुलांचं कौतुक करायचा आणि मग अगदी सहज म्हणायचा, "आईवडील नाही आले?" नवरा म्हणायचा, ते घरी असतात. "बरोबर आहे," हा मान हलवायचा, "लहान गाडीत मावणार कसे? घरीच राहावं लागतं बिचाऱ्यांना." बस्स, एवढंच. नवऱ्याची मान किंचित खाली जायची, बायको दुसरीकडे बघायला लागायची, आणि हा त्यांना अलगद मोठ्या गाडीकडे घेऊन जायचा. लोकांना वाटायचं आपण गाडी घेतोय. खरं म्हणजे ते आपली शरम ठेवायला जागा घेत असत.

दुसरा नियम मुलांचा. दार उघडलं की मुलांना आधी तिसऱ्या रांगेत सोडायचं. मुलं टुणकन मागे जातात, तिथून वाकुल्या दाखवतात आणि उतरायचं नाव काढत नाहीत. मुलं मागे गेली की गाडी विकली गेली, असं तो नव्या विक्रेत्यांना शिकवायचा. त्यासाठी सकाळीच मधली रांग खटका दाबून थोडी पुढे सरकवून ठेवलेली असे, म्हणजे मागे पायांना भरपूर जागा दिसते. याला फसवणूक म्हणावं की हातचलाखी, हे ज्याचं त्याने ठरवावं. तो याला 'मांडणी' म्हणायचा. मोठ्या माणसाला मात्र तो तिसऱ्या रांगेत कधी बसू देत नसे. कुणी खोदून विचारलंच, की मागे मोठं माणूस बसेल का हो, तर त्याच्याकडे हुकमी एक्का होता.

"बसेल का म्हणजे? माझी ताई बसते! साठी उलटलीये तिची, खुशाल बसते. गाडी घेतलीच मुळी ताईसाठी."

आणि यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत.

आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. ताईने त्याला वाढवलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कॉलर लावण्याचं काम करायची. घरी आली की याचा अभ्यास घ्यायची, डबा भरायची, आजारपणं काढायची. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "धाकटा मार्गी लागू दे." धाकटा मार्गी लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि ताईचं राहून गेलं ते राहूनच गेलं. खाली वाकून कॉलर शिवता शिवता तिची मान कायमची धरली, एवढी एक कमाई. ती त्याच्याच घरी राहायची आणि आपलं ओझं कुणाला वाटू नये म्हणून निम्म्या घराची कामं मुकाट्याने उरकून टाकायची. तेव्हा मोठी गाडी घेताना 'ताईसाठी' हे तो अगदी मनापासून म्हणाला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. ते पाणीही खरंच होतं.

मग ताई मागच्या रांगेत गेली कशी? ते सांगायला बसलं तर कुणाचाच दोष निघत नाही, सगळं कसं रीतसर झालं. पहिल्याच प्रवासाला सासू-सासरे बरोबर होते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ते मधे. सासूबाई त्यांच्याजवळ. मुलीला मागे बसलं की मळमळतं, तीही मधे. बायको पुढे, कारण बायको पुढेच बसते. उरली ताई. "मी बसते की मागे," ती म्हणाली, "मला काय धाड भरलीये?" आणि बसली. घरातली बाई एकदा 'मला चालेल' म्हणाली, की घर ते जन्मभराचं धरून ठेवतं. पुढे सासू-सासरे नसले तरी ताई मागेच जायची आणि मधल्या सीटवर सामान बसायचं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एरवी ती गाडी तो एकटाच कामावर न्यायचा. घर तसं जवळ. चालत गेला असता तर घामही आला नसता. पण मोठ्या गाड्या विकणाऱ्याने पायी यावं, हे शोभतं का? गल्लीतून गाडी बाहेर काढताना आरसे मिटावे लागत आणि सायकलवाले भिंतीला चिकटून उभे राहत. मुलगी कॉलेजात जाणारी, तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"बाबा, सहा रिकाम्या खुर्च्या रोज कामावर नेता. पगार मिळतो का त्यांना?"

"मोठी गाडी सुरक्षित असते. उद्या कुणी येऊन ठोकलं तर आपल्याला खरचटणारसुद्धा नाही."

"आणि त्या ठोकणाऱ्याला?"

"त्याचं तो बघेल."

"तोही कुणाचा तरी बाबाच असेल ना? आणि एवढ्याशा अंतरासाठी एवढा धूर. तो काय आपलं नाक सोडून दुसऱ्यांच्याच नाकात जातो?"

"तुला ऐसपैस बसायला मिळतंय ना? मग बस." वादात हरायला लागला की तो एकदम बाप व्हायचा.

अलीकडे ताईने मात्र नवाच सूर लावला होता. कुठे जायचं ठरलं की तिचं काहीतरी निघायचं. कणकण वाटतेय. घराला कुलूप नको. नळ दुरुस्त करायला माणूस यायचाय. त्याला ते लागायचं. आता लांबच्या गावी चुलतभावाच्या मुलीचं लग्न आलं होतं. त्या मुलीचा ताईला फार लळा, ते लग्न ती चुकवणं शक्य नव्हतं. तर सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "तुम्ही गाडीने व्हा पुढे. मी बसने येते."

"बसने?" त्याने कप खाली ठेवला. "दारात एवढी गाडी असताना?"

"बसने बरं पडतं मला."

"ताई, लोक काय म्हणतील? भाऊ एवढ्या गाडीतून उतरतोय आणि बहीण मागून पिशवी घेऊन बसमधून येतेय! तोंड दाखवायला जागा राहील का मला? ही गाडी कुणासाठी घेतली मी?"

ताई गाळणं आपटून आपटून साफ करत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं, येईन गाडीने." तो जिंकून कामावर गेला, पण मनात कुसळ राहिलंच. आपण हिच्यासाठी एवढं करतो आणि हिला त्याचं काहीच नाही, असं त्याला वाटत राहिलं.

त्याच दुपारी एक नर्सबाई गाडी बघायला आल्या. मोठ्या दवाखान्यात अपघाताची माणसं आणतात त्या विभागात त्यांचं काम. बरोबर उंच नवरा, दोन मुलं आणि काठी टेकत चालणारे वडील. म्हणजे 'आईवडील नाही आले?' हा बाण भात्यातच राहिला. तरी मुलं मागे गेली, वाकुल्या झाल्या, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. पण नर्सबाई मधल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी हाताने चाचपून खटका शोधला, सीट सरळ मागे घेतली. "हे उंच आहेत. आम्ही बसणार तशीच ठेवून बघू या." मग मागे वळून म्हणाल्या, "बाबा म्हणतात, मी मुलांजवळ मागे बसेन, मला चालेल. पण मोठं माणूस बसेल का हो तिथे?"

हुकमी एक्का निघाला. ताई, साठी, खुशाल. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तो रंगात आला होता, त्याने नेहमीचा किस्साही सांगितला. "एकदा तर काय झालं, एका समारंभाला गेलो. सगळे उतरलो, आत गेलो, गप्पा रंगल्या. जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं, ताई कुठाय? ताई गाडीतच! म्हणजे बघा, इतकी ऐसपैस गाडी, की अख्खं माणूस हरवलं!"

या किस्स्याला न हसणारं गिऱ्हाईक त्याला अजून भेटलं नव्हतं. नर्सबाईंचा नवरा हसला. नर्सबाई हसल्या नाहीत.

"मागच्या काचा उघडतात का?"

"अं?"

"त्या आत राहिल्या तेव्हा. काचा उघडत होत्या का?"

मागच्या काचा उघडत नाहीत, त्या बसवलेल्याच तशा असतात. "थोडाच वेळ हो," तो म्हणाला, "आणि तिला त्याचं काही नाही. विचारा की तिलाच. घर जवळच आहे, आत्ता बोलावतो." बोलवा असं कुणी म्हटलं नव्हतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते याला.

ताई आली ती धापा टाकत, घरातल्या चपलांवर, बाहेर पडताना खांद्याला असायची ती कापडी पिशवी घेऊन. धाकट्याचा फोन म्हणजे काहीतरी बिनसलं, असं तिला वाटलं होतं. काही बिनसलेलं नाही, गिऱ्हाईक आहे, हे कळल्यावर तिने केस सारखे केले, भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय बोलायचं ते ओळखलं.

"छान आहे हो गाडी," ती नर्सबाईंना म्हणाली. "मागे काही त्रास होत नाही. चांगली ऐसपैस आहे."

"बघा!" तो म्हणाला. छाती फुगली होती त्याची.

"जरा बसून दाखवता?" नर्सबाई म्हणाल्या. "चढायचं कसं ते बाबांना कळेल."

ताईने मान डोलावली. आणि पुढचं जे झालं, ते त्याने आजवर पाहिलं नव्हतं. ताई घरच्या अशाच गाडीत कितीदा तरी चढली असेल; पण तेव्हा तो स्टिअरिंगमागे असायचा, उंच बसून, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा "चला, चला, आवरा" करत. ती चढते कशी, हे बघायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

त्याने मधली सीट दुमडून वाट करून दिली. ताईने आधी पिशवी आत ढकलली. मग चपला काढून हातात घेतल्या, कारण चपलेसकट पाय त्या फटीत अडकतो. मग कमरेत वाकून, हात आत टेकून, लहान मूल जिना चढतं तशी ती रांगत आत शिरली आणि तिथल्या तिथे अंग वळवून सीटवर टेकली. डोकं कुठे खाली घ्यायचं, कुठे हात धरायचा, सगळं तिला पाठ होतं. मधली सीट खटकन जागेवर आली आणि ताईचे गुडघे जवळजवळ हनुवटीशी आले.

बसल्याबरोबर तिने पिशवी उघडली. दाखवायला म्हणून नव्हे, हाताला तसं वळणच पडलं होतं. घडी केलेला टॉवेल काढून मानेमागे घातला. डोक्यामागे वीतभरावर काच होती, खड्डा आला की डोकं तिच्यावर आपटतं. मग मागच्या प्रवासातली लिंबाची सुकून गेलेली फोड निघाली. आणि मग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, गळू नये म्हणून एकीत एक घातलेल्या. त्या हातात आल्यावर गाडी चालू नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने त्या गडबडीने परत आत सारल्या.

"त्या कशाला?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, त्याला माहीत नव्हतं.

"काही नाही रे."

नर्सबाईंना न सांगता कळलं. "उलट्या होतात?"

"कधीतरी," ताई ओशाळून म्हणाली. "पण मी आवाज नाही करत. पिशवी नंतर टाकून येते, सगळे आत गेले की." हे तिने असं सांगितलं, जणू गाडीची आणखी एक सोय सांगतेय.

"आणि त्या समारंभाच्या दिवशी? तुम्ही आत राहिलात तेव्हा?"

ताईने चमकून भावाकडे पाहिलं. तो हा किस्सा लोकांना सांगतो, हे तिला ठाऊक नव्हतं. "तेही सांगितलंस?" ती हळूच म्हणाली, आणि लगेच गिऱ्हाइकासाठी हसली. "त्या दिवशी ना, ही मधली सीट हलेचना. काच वाजवली मी थोडी. मग म्हटलं, येतील कुणीतरी. फार गरम झालं, एवढंच."

त्याचं तोंड काळं ठिक्कर पडलं. तो किस्सा त्याने किती जणांना सांगितला होता! टाळ्या घेतल्या होत्या त्याच्यावर. पायाखालची फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण शोरूमची फरशी ती, चकाचक पुसलेली, तिच्यात त्याचंच तोंड दिसत होतं.

इतका वेळ गप्प उभे असलेले म्हातारे वडील काठी आपटून म्हणाले, "अहो, त्या बाईंना आधी बाहेर तर काढा."

"सीट कुणीतरी पुढे घ्यायला हवी," ताई आतून म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थांबायची सवय होती. तो पुढे झाला. रोज 'मांडणी' करणारा त्याचा हात, पण त्याला खटकाच सापडेना. शेवटी नर्सबाईंनी सीट पुढे घेतली आणि ताईला हात देऊन उतरवलं.

"आम्ही लहान गाडीच बघतो," नर्सबाई म्हणाल्या. "बाबा पुढे बसतील, मुलांजवळ मी. पाहुणे आले तर भाड्याची गाडी करता येते. वर्षातल्या दोन दिवसांसाठी वर्षभर रिकाम्या खुर्च्या आणि धूर ओढत कशाला फिरायचं? आणि मागून कुणी आदळलं, तर त्या रांगेतल्या माणसाचं डोकं आणि आदळणारी गाडी यांच्यामध्ये फक्त एक काच आहे. आमच्याकडे येतात हो अशी माणसं." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. म्हाताऱ्याने जाताना ताईची विचारपूस केली, मानेला शेक घ्या म्हणाला. याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

ते गेल्यावर ताई गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्याच्या अगदी कडेवर बसली आणि मान चोळत म्हणाली, "गेले का रे? माझं काही चुकलं का बोलण्यात? मी तर छानच म्हणाले गाडीला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली गाडी विकली गेली नाही याची खंत तिला होती, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिनेच खाल्ला होता. तो तिच्यासमोर खाली बसला.

"ताई, तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू सगळ्यांना सांगत होतास, ताईसाठी घेतली. किती हौसेने सांगायचास! मग मी उठून म्हणू, मला सोसत नाही तुझी गाडी?"

त्याला नुसती ताई दिसत नव्हती. 'आईवडील नाही आले?' असं विचारून ज्या ज्या माना त्याने खाली घालायला लावल्या होत्या, ती सगळी घरं त्याच्या डोळ्यांपुढे येत होती. त्यांचे आईवडील आता बसत असतील कुठे? कोण कुठल्या गाडीत मागे, आवाज न करता, बसलं असेल?

"लग्नाला तू पुढे बस," तो शेवटी म्हणाला. "माझ्या शेजारी."

"आणि बायको? ती मागे जाईल? पाठ दुखते तिची."

"मग सासूबाई..."

"या वयात? वेडा आहेस का?"

"मग मी बसतो मागे."

"आणि चालवणार कोण?" ताईला हसू आलं. त्याने मनातल्या मनात सगळ्यांना उठवून-बसवून पाहिलं. कसंही बसवलं तरी एक माणूस मागे उरतच होतं. गाडी सातजणांची होती, हे खरं. पण मागच्या रांगेतलं माणूस कुणाचंच लाडकं असून चालत नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "गाडी नाहीच. बायको जाईल तिच्या आईवडिलांना घेऊन, मुलगी जाईल, कशीही जाऊ देत. आपण दोघं बसने जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर. तुला खिडकीजवळ बसवतो."

हे बोलताना त्याला जरा हलकं वाटलं. काहीतरी फेडल्यासारखं. ताई मात्र पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "मला एकटीलाच जाऊ दे."

"का? मी काय त्रास देणार आहे तुला?"

"त्रास नाही रे. तू बरोबर असलास ना, की मला सारखं बरं वाटावं लागतं."

लग्नाच्या दिवशी तो तिला बसपर्यंत सोडायला गेला. आत चढून त्याने जागा बघून दिली, पाण्याची बाटली दिली, दोनदा विचारलं, काही हवंय का. "जा आता," ती म्हणाली. तो खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. बस सुटली, तशी ताईने काच सरकवली आणि वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटले. चेहरा पार सैल सोडला होता तिने. त्याने निरोपाचा हात वर केला होता, तो हळूच खाली घेतला. तिने डोळे उघडून आपल्याला पाहू नये, असं त्याला वाटलं.